देव, नीती आणि माणसाचं मोल: ख्रिस्ती विचारातला पाया नेमका कुठे आहे?

अनुबंध (धागाकर्ता)

आमच्या अभ्यासगटात ‘नैतिकतेचा उगम आणि माणसाचं मोल’ हा विषय घ्यायचा आहे. गटात ख्रिस्ती श्रद्धावान आहेत, तसेच देव न मानणारेही आहेत. ख्रिस्ती बाजू नीट मांडायची तर तीन ठिकाणी अडायला होतं.

१) ‘देव नसेल तर नीती उरत नाही’ असं म्हटलं जातं. पण देव न मानणारी माणसं सचोटीनं वागताना सगळीकडे दिसतात. मग हे विधान पहिल्याच मिनिटाला पडतं का?

२) प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादातला पेच: देव सांगतो म्हणून एखादी गोष्ट चांगली, की ती चांगली आहे म्हणून देव सांगतो? पहिलं धरलं तर उद्या क्रौर्यही चांगलं ठरू शकेल. दुसरं धरलं तर नीती देवाच्या आधीपासूनच उभी आहे.

३) माणूस देवाचं प्रतिरूप म्हणून मोलाचा, असं सांगतात. प्रतिरूप म्हणजे बुद्धी असेल, तर तीव्र स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं मोल कमी होतं का?

पंथांमध्ये फरक असतील तर तेही हवेत. वचनांचे संदर्भ दिलेत तर गटाला ताडून पाहता येतील.

---

समास

पहिली अडचण उभी राहते ती चार निराळे प्रश्न एकात कालवल्यामुळे. चांगलं हे चांगलं कशामुळे ठरतं? ते आपल्याला कळतं कसं? ते करणं आपल्यावर बंधनकारक का? आणि कळूनही होत नाही, तेव्हा करायचं बळ कुठून येतं? नास्तिकाच्या सचोटीचा संबंध दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाशी आहे. ‘देवावाचून पाया नाही’ हा दावा पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

दुसऱ्या प्रश्नावर तर नवा करारच उत्तर देऊन बसला आहे. रोमकरांस पत्र २:१४-१५ मध्ये पौल म्हणतो की ज्यांच्याकडे मोशेचं नियमशास्त्र नाही तेही स्वभावतः त्यातल्या गोष्टी करतात, कारण नियमशास्त्राचं कार्य त्यांच्या अंतःकरणात लिहिलेलं आहे आणि त्यांची सद्सद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. म्हणजे श्रद्धा नसलेला माणूस प्रामाणिक निघाला तर ख्रिस्ती मांडणीला धक्का बसायचं कारण नाही. तिच्या हिशेबात हे आधीच धरलेलं आहे. ‘देव न मानणारे वाईट वागतात’ असं कुणी म्हणालं, तर तो खुद्द पौलाच्या विरोधात बोलतो आहे हे ठामपणे सांगा.

नैतिक युक्तिवाद फळ्यावर लिहाल तेव्हा तीन ओळींतच लिहा. देव नसेल तर वस्तुनिष्ठ नैतिक मूल्यं आणि कर्तव्यं नाहीत. अशी मूल्यं आणि कर्तव्यं आहेत. म्हणून देव आहे. यात ‘वागणं’ किंवा ‘ओळखणं’ हे शब्द कुठेच नाहीत. वाद नेहमी पहिल्या ओळीवर व्हायला हवा, आणि तिथेही सगळे ख्रिस्ती एका बाजूला नाहीत. रिचर्ड स्विनबर्न हे ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथातले, तत्त्वज्ञ म्हणतात की मूलभूत नैतिक सत्यं अनिवार्य आहेत, ती देवावर अवलंबून नाहीत. देवाच्या आज्ञेनं त्या सत्यांत आणखी कर्तव्यांची भर पडते. ‘ख्रिस्ती भूमिका एकच’ हे गृहीतक सुरुवातीलाच काढून टाकलेलं बरं.

आता युथिफ्रो. पेचाच्या दोन्ही बाजू ख्रिस्ती परंपरेत खरोखर घेतल्या गेल्या आहेत. चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑकमच्या लिखाणात पहिल्या बाजूकडे झुकणारी विधानं आहेत. त्यांचा अर्थ किती टोकाचा घ्यायचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मुख्य प्रवाहाचं उत्तर तिसरं आहे: चांगुलपणाचा मापदंड देवाच्या आज्ञेतही नाही आणि देवाबाहेरही नाही. तो देवाच्या स्वरूपात आहे, आणि आज्ञा त्या स्वरूपातून येतात. मध्ययुगातला कॅथलिक विचारवंत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) ‘सुम्मा थिओलॉजिए’ या आपल्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या भागात, सहाव्या प्रश्नात म्हणतो की स्वतःच्या सत्त्वानंच चांगला असा एकटा देव, बाकी सगळं त्याच्यातून घेतलेल्या चांगुलपणानं चांगलं. उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) १८:२५ मधला अब्राहामाचा प्रश्न याच धाटणीचा आहे. सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का, असं तो देवालाच विचारतो. आज्ञा लहरी असू शकते असं मानणारा हा प्रश्न विचारणार नाही.

इथे हुशार श्रोता पेच पुढे ढकलतो: देवाचं स्वरूप प्रेमळ आणि न्यायी आहे म्हणून चांगलं ना? मग प्रेम आणि न्याय हेच खरे मापदंड, देव फक्त त्यांत उत्तम बसतो. ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम अल्स्टन याला मीटरच्या पट्टीनं उत्तर देतात. १८८९ ते १९६० या काळात पॅरिसजवळ ठेवलेली धातूची पट्टी हाच मीटरचा मापदंड होता. ती दुसऱ्या कुठल्या मापात बसली म्हणून मीटरभर ठरली नाही. इतर वस्तू तिच्याशी जुळल्या म्हणून मीटरभर ठरल्या. तसं मापदंड हा एखादा नियम असण्याऐवजी एक व्यक्ती असू शकते. उत्तर पटो न पटो, ते कुठे थांबतं हे गटाला दाखवा: प्रत्येक मांडणीला कुठेतरी ‘याच्या मागे आणखी काही नाही’ म्हणावंच लागतं, आणि ख्रिस्ती विचार ते एका व्यक्तीपाशी म्हणतो.

बंधनाचा प्रश्न तत्त्वज्ञ रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी वेगळा काढला, आणि माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतलं या विषयातलं सर्वांत उपयोगी काम ते आहे. १९९९ च्या ‘फायनाइट अँड इन्फिनिट गुड्स’मध्ये ते म्हणतात: चांगलेपण म्हणजे देवाशी असलेलं साम्य; चूक म्हणजे प्रेमळ देवाच्या आज्ञेविरुद्ध असणं. चांगली गोष्ट आणि बंधनकारक गोष्ट एक नसते. आपली एक किडनी अनोळखी माणसाला देणं फार चांगलं, पण न देणारा दोषी ठरत नाही. बंधन दोन व्यक्तींमधल्या नात्यातून येतं. कुणीतरी मागणी करतं, आणि ती मोडली तर त्या कुणाचा तरी अपराध होतो.

---

पायवाट

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, पण तो आज्ञेकडे जास्त झुकला आहे. कॅथलिक परंपरेचा भर आज्ञेपेक्षा नैसर्गिक नियमावर असतो आणि तो वगळला तर चित्र लंगडं राहतं.

अक्वायनसचा कायद्यावरचा भाग सुम्माच्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या खंडात, ९० व्या प्रश्नापासून सुरू होतो. ९१ व्या प्रश्नाच्या दुसऱ्या कलमात व्याख्या आहे: विवेकी प्राण्याचा देवाच्या शाश्वत नियमातला सहभाग म्हणजे नैसर्गिक नियम. पहिलं सूत्र ९४ व्या प्रश्नाच्या दुसऱ्या कलमात आहे: चांगलं करावं आणि साधावं, वाईट टाळावं. त्यावर तो माणसाच्या ओढी तीन थरांत मांडतो. सर्व वस्तूंप्रमाणे स्वतःला टिकवण्याची, प्राण्यांप्रमाणे अपत्य जन्माला घालून वाढवण्याची, आणि फक्त माणसाला असलेली सत्य जाणण्याची व समाजात राहण्याची.

लोक घसरतात ते याच्या पुढच्या पायरीवर. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निसर्गात आढळणारं’ असं समजून घेतात आणि मग प्राण्यांच्या वर्तनाची उदाहरणं सुरू होतात. इथे नैसर्गिक म्हणजे माणसाच्या विवेकाला त्याच्या खऱ्या हिताबद्दल कळणारं. दुसरी घसरण अशी की सगळे तपशील सर्वांना सारखेच स्पष्ट असतात असं धरलं जातं. अक्वायनस चौथ्या कलमात उलट सांगतो: मूळ तत्त्वं सर्वांसाठी एक, पण तपशिलात उतरू तसे अपवाद वाढतात. त्याचं उदाहरण: कुणाची ठेव परत करावी हा नियम योग्यच, पण मागणारा ती आपल्याच देशाविरुद्ध लढायला वापरणार असेल तर परत करणं अविवेकाचं.

पंथांतला खरा मतभेद पापानं विवेक किती बिघडला यावर आहे. कॅथलिक शिकवण म्हणते जखमी झाला, पण काम करतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘गौदियुम एत स्पेस’ (१९६५) या दस्तऐवजाच्या १६ व्या परिच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीला माणसाचं सर्वांत आतलं पवित्र स्थान म्हटलं आहे, जिथे तो देवासोबत एकटा असतो. पण हीच परंपरा पुढे हेही सांगते की सद्सद्विवेकबुद्धी चुकू शकते आणि तिला घडवावं लागतं. ‘मला आतून वाटतं’ एवढ्यानं काम भागत नाही.

प्रॉटेस्टंटांत कार्ल बार्थ दुसऱ्या टोकाला आहे. १९३४ मध्ये एमिल ब्रुनर या दुसऱ्या प्रॉटेस्टंट विचारवंतानं निसर्गातून देवाचं काही ज्ञान मिळतं अशी मर्यादित बाजू मांडली, तेव्हा बार्थच्या उत्तराचं शीर्षकच ‘नाही!’ असं होतं. वर्ष पाहा. राष्ट्र, वंश आणि रक्त यांना देवानं घालून दिलेली ‘नैसर्गिक व्यवस्था’ म्हणून खपवणारा ख्रिस्ती गट तेव्हा जर्मनीत जोरात होता. निसर्गातून नीती वाचताना वाचणारा आपलेच पूर्वग्रह वाचतो, ही बार्थची भीती हवेतली नव्हती. नैसर्गिक नियम मांडणाऱ्यानं ती बाजूला सारू नये.

---

दवबिंदू

तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याच्यावरच सर्वांत ढिसाळ बोललं जातं.

‘प्रतिरूप’ म्हणजे काय याचं थेट स्पष्टीकरण पवित्र शास्त्र कुठेच देत नाही. उत्पत्ती १:२६-२७ मध्ये घोषणा आहे, व्याख्या नाही. परंपरेत तीन प्रकारचे अर्थ लावले गेले. पहिला क्षमतेचा: बुद्धी, इच्छाशक्ती. ऑगस्टीन (३५४-४३०) स्मृती, आकलन आणि इच्छा या त्रयीत त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) छाया पाहतो. दुसरा कामगिरीचा: प्राचीन पश्चिम आशियात राजाला देवाचं प्रतिरूप म्हणत, कारण तो देवाच्या वतीनं राज्य करी. उत्पत्ती ही पदवी राजाकडून काढून सगळ्या माणसांना, स्त्री-पुरुष दोघांना देते, आणि लगेच २८ व्या वचनात सृष्टी सांभाळण्याचं काम सोपवते. तिसरा नात्याचा: देव माणसाला ‘तू’ म्हणून हाक मारतो, हेच प्रतिरूप. बार्थ या बाजूचा.

तुमची अडचण पहिल्या अर्थाला थेट लागू होते. दुसऱ्यालाही होते, कारण अंथरुणाला खिळलेला माणूस कुठलं राज्य करणार? क्षमता कमी-जास्त असते. तिच्यावर टांगलेलं मोलही कमी-जास्तच होणार. तत्त्वज्ञ निकोलस वॉल्टरस्टॉर्फ यांनी ‘जस्टिस: राइट्स अँड राँग्ज’ (२००८) मध्ये हे स्पष्ट मान्य केलं आहे. ते स्वतः रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या प्रॉटेस्टंट) परंपरेतले, तरीही क्षमतेच्या अर्थानं घेतलेलं प्रतिरूप सर्व माणसांच्या हक्कांना पुरत नाही असं म्हणतात. त्यांचं उत्तर: माणसाचं मोल देवाच्या प्रेमानं बहाल केलेलं आहे. देवाचा जीव प्रत्येक माणसावर जडलेला आहे, आणि ज्याच्यावर तो जडला त्याची अवहेलना म्हणजे देवाची अवहेलना. यात माणसाजवळ काय आहे हा प्रश्नच उरत नाही.

वचनं याला साथ देतात. उत्पत्ती ९:६ मध्ये मनुष्यहत्येची बंदी प्रतिरूपाच्या आधारे आहे, आणि ही गोष्ट पतनानंतरची (आदाम-हव्वेनं पाप केल्यानंतरची), जलप्रलयानंतरची. म्हणजे भ्रष्ट माणसालाही ते कारण लागू. याकोब ३:९ तर त्याहून दैनंदिन आहे: ज्या जिभेनं देवाचा धन्यवाद करतो तिनंच देवासारखी घडलेल्या माणसांना शाप देतो. ऐकणारा समंजस आहे का, चांगला आहे का, अशी अट तिथे नाही. मत्तय ५:४४-४५ मध्ये शत्रूवर प्रीती करायचं कारणही शत्रूत शोधलेलं नाही. पिता सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर दोघांवर उगवतो, एवढंच ते कारण.

एक मतभेद मांडताना जपा. प्रॉटेस्टंट सुधारक लूथर प्रतिरूपाचा संबंध मुख्यतः मूळच्या नीतिमत्त्वाशी लावतो, त्यामुळे पतनात ते हरवलं असं म्हणतो. ऑर्थोडॉक्स शिकवण प्रतिरूप आणि साम्य वेगळं धरते: प्रतिरूप जात नाही, साम्याकडे आयुष्यभर वाढायचं असतं. दोन्ही गट कलस्सैकरांस पत्र १:१५ कडे येतात, जिथे ख्रिस्त हाच अदृश्य देवाचं प्रतिरूप आहे. मोल शाबूत आणि स्वरूप बिघडलेलं, ही दोन विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. गटात कुणी ‘मग पापी माणसाची किंमत शून्य का?’ असं विचारलं तर उत्तर इथे आहे.

२०२४ मध्ये व्हॅटिकननं काढलेल्या ‘दिग्नितास इन्फिनिता’ या घोषणेत प्रतिष्ठेचे चार अर्थ वेगळे केले आहेत: अस्तित्वामुळे असलेली, नैतिक, सामाजिक आणि जगण्याच्या स्थितीतली. पहिली कधीच जात नाही. गुन्हा करणारा दुसरी गमावतो, दारिद्र्यात ढकललेला तिसरीला मुकतो, असह्य दुखण्यात चौथी झाकोळते. ‘प्रतिष्ठा गेली’ असं कुणी म्हणालं की ‘कुठली?’ असं विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

---

कोरा_कागद

देव न मानणाऱ्यांच्या बाजूनं दोन मुद्दे, म्हणजे तुमच्या गटात ते कमकुवत रूपात येणार नाहीत.

देव न मानणारे तत्त्वज्ञ एरिक विलेनबर्ग यांनी ‘रोबस्ट एथिक्स’ (२०१४) मध्ये म्हटलं आहे की काही नैतिक सत्यं अशीच, कशावरही न टेकता खरी आहेत. वेदना देण्यासाठी वेदना देणं वाईट, यामागे आणखी काही लागत नाही. देवाच्या स्वरूपापाशी थांबायची मुभा असेल तर इथे थांबायचीही आहे. ख्रिस्ती बाजूला केवळ ‘तुमचा पाया अधांतरी आहे’ म्हणून चालणार नाही. व्यक्तीपाशी थांबणं का अधिक समाधानकारक, हे सांगावं लागेल. बंधनाबाबत तिच्याकडे बरंच सांगण्यासारखं आहे हे मी मान्य करतो. १९५८ च्या निबंधात एलिझाबेथ अँस्कम, त्या स्वतः कॅथलिक, म्हणाल्या होत्या की कायदा देणारा सोडून दिला आणि ‘केलंच पाहिजे’ हा शब्द ठेवला तर तो शब्द पोकळ होतो.

दुसरा मुद्दा उत्क्रांतीचा. ‘नीतीची जाणीव उत्क्रांतीतून आली, म्हणून ती खोटी’ हा तर्क सदोष आहे. उगमावरून खरेखोटेपणा ठरत नाही. तत्त्वज्ञ शॅरन स्ट्रीट यांचा २००६ चा युक्तिवाद अधिक नेमका आहे: जगण्याला सोयीच्या भावना आणि स्वतंत्र नैतिक सत्यं एकमेकांशी जुळली, हा निव्वळ योगायोग कसा मानायचा? हा मारा देव न मानणाऱ्या वास्तववाद्यांवर (नैतिक सत्यं आपल्या मतांपासून स्वतंत्र आहेत असं मानणाऱ्यांवर) जास्त बसतो, कारण श्रद्धावान ‘देवानं ती जुळणी घडवली’ म्हणू शकतो. मात्र हे फक्त ज्ञानाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. समास यांचे चार प्रश्न इथेही वेगळे ठेवा.

---

अनुबंध

फार उपयोग झाला. दोन गोष्टी नक्की विचारल्या जातील: एक, देवाच्या आज्ञा म्हणून सांगितलेलं इसहाकाचं अर्पण (अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगणं) व कनान देश जिंकतानाच्या यहोशवाच्या लढाया; दुसरी, गुलामगिरी. प्रतिरूप मानणाऱ्यांनीच माणसं विकली ना?

---

समास

इसहाकाच्या अर्पणावर (उत्पत्ती २२) तीन उत्तरं ठेवा. अक्वायनस म्हणतो की जीवन-मरणाचा धनी देव, म्हणून त्याच्या आज्ञेनं झालेला मृत्यू हत्या ठरत नाही. डॅनिश विचारवंत किर्केगार्ड (१८४३) म्हणतो की इथे श्रद्धा नीतीच्या सार्वत्रिक नियमापलीकडे जाते, आणि ही गोष्ट भयंकर आहे हे तो लपवत नाही. कांटनं १७९८ मध्ये लिहिलं की अब्राहामानं म्हणायला हवं होतं: मुलाला मारू नये हे निश्चित आहे, तू देव आहेस हे तितकं निश्चित नाही. अ‍ॅडम्स कांटच्या जवळ येतात. सोबत यिर्मया ७:३१ वाचाच. मुलं अग्नीत अर्पण करणं आपल्या मनातही आलं नव्हतं, असं तिथे देव म्हणतो.

यहोशवाचं प्रकरण जास्त कठीण. यहोशवा १०:४० म्हणतं सगळ्यांचा समूळ नाश केला. त्याच्या पुढचं पुस्तक, शास्ते १, म्हणतं कनानी लोक तिथेच राहिले. यावरून काही अभ्यासक ही त्या काळच्या युद्धवर्णनांची अतिशयोक्त भाषा मानतात. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेननं तिचा अर्थ मनातल्या पापांशी झुंज असा लावला. ‘अनुवाद’ या पुस्तकातली २०:१६-१८ ची आज्ञा (त्या शहरांत कुणालाही जिवंत ठेवू नका) मात्र दोन्हींतून पूर्ण सुटत नाही. गटात ‘सुटलं’ असं सांगू नका, ऐकणाऱ्याचा विश्वास जातो.

---

पायवाट

गुलामगिरीवर बचाव करायला बसू नका, आधी नोंदी ठेवा. १४५२ मध्ये पाचव्या निकोलस पोपनं पोर्तुगालच्या राजाला मुस्लिमांना आणि मूर्तिपूजकांना कायमचं गुलाम करायची परवानगी दिली. पुढे अमेरिकेत उत्पत्ती ९:२५ चा दाखला देऊन काळ्या लोकांच्या गुलामगिरीचं समर्थन झालं, जरी त्या वचनात शाप कनानाला आहे आणि वंशाचा रंग कुठेच नाही. लेवीय २५:४४-४६ परक्या गुलामांना मुभा देतं, हेही खरं.

मग दुसऱ्या नोंदी. चौथ्या शतकात नीसाचा बिशप ग्रेगरी बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकावरच्या चौथ्या प्रवचनात विचारतो की देवाच्या प्रतिरूपाची किंमत किती नाणी? तो गुलामगिरीची संस्थाच नाकारतो, आणि त्या काळात असा स्वर अगदी दुर्मीळ आहे. १५३७ मध्ये तिसऱ्या पॉल पोपनं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावू नये असं जाहीर केलं. १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या व्हायादोलिदला या मूळ रहिवाशांच्या बाजूनं धर्मगुरू लास कासास आणि त्यांच्याविरुद्ध विद्वान सेपुल्वेदा यांनी आपापली बाजू मांडली. स्पष्ट निकाल लागला नाही. १६८८ मध्ये अमेरिकेतल्या जर्मनटाऊनच्या क्वेकर पंथीयांनी गुलामगिरीचा लेखी निषेध नोंदवला, आधार मत्तय ७:१२ मधल्या सुवर्णनियमाचा (लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं त्यांच्याशी वागा).

बिघाड कुठे झाला ते या दोन यादींत दिसतं. गुलामगिरीच्या समर्थकांपैकी बहुतेकांनी प्रतिरूपाची शिकवण नाकारली नाही. त्यांनी ते विशिष्ट क्षमतेशी, म्हणजे ‘सुसंस्कृत विवेका’शी जोडलं आणि मग समोरच्यात तो विवेक नाही असं ठरवलं. सेपुल्वेदाचा युक्तिवाद बराचसा असाच होता, अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘स्वभावतः गुलाम’ या कल्पनेवर उभा. म्हणून दवबिंदू यांनी क्षमतेच्या अर्थाबद्दल लिहिलं ते नुसतं पुस्तकी नाही.

बैठक दोन तासांची असेल तर अशी वाटणी करा. पहिली २० मिनिटं समास यांचे चार प्रश्न, तेही कागदावर लिहून सर्वांसमोर ठेवून. मग ३५ मिनिटं युथिफ्रो. संपूर्ण संवाद नको, १०अ ते ११ब (समासात छापलेले क्रमांक) एवढाच भाग वाचा, तो दोनेक पानांचा आहे. प्रतिरूपाला ४५ मिनिटं द्या आणि वाचनाचा क्रम उत्पत्ती १:२६-२८, ९:१-७, याकोब ३:१-१२, कलस्सै १:१५-२० असा ठेवा. कलस्सै आधी घेतलं तर चर्चा थेट ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर जाते आणि माणूस बाजूला पडतो. उरलेली २० मिनिटं गुलामगिरीला. यहोशवा या बैठकीत घेऊ नका, त्याला स्वतंत्र बैठक लागेल. आणि चर्चा भरकटली की बोलणाऱ्याला एवढंच विचारा: तुम्ही चारांपैकी कुठल्या प्रश्नाबद्दल बोलताय?